पौंड, मार्क आणि शेवटचा आकडा

अर्विंगच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून, सहा शनिवार आम्ही ब्रिटिश पौंड आणि जर्मन मार्क यांचे जुने दर मोठ्याने वाचले आणि लिहून काढले. वाचायच्या माझ्या सासूबाई, लिहायचो मी आणि माझा नवरा. तिघांपैकी मार्क कोणीही पाहिलेला नव्हता. पौंड नवऱ्याने एकदा पाहिला होता, लंडनच्या विमानतळावर चहा घेताना, आणि त्या चहात दम नव्हता एवढीच माहिती त्याच्याकडे होती.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आम्हाला टेक्सासात येऊन सात वर्षं झाली होती. नवरा टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. मी एका विमा कंपनीत डेटा एन्ट्रीची सुपरवायझर होते. माझ्या हाताखाली चौदा बायका होत्या आणि आमचा नियम साधा होता: प्रत्येक फॉर्म दोघींनी वेगवेगळा टाइप करायचा आणि मग दोन्ही ताडून बघायचे. जिथे फरक, तिथे चूक. या पद्धतीवर माझी श्रद्धा होती. घरी वाणसामानाची यादीसुद्धा मी आणि नवरा वेगवेगळी करत असू आणि दुकानात जाण्याआधी ताडून बघत असू. नवऱ्याच्या यादीत मीठ कधीच नसे.

ज्याच्यासाठी हे दर लिहिले तो मुलगा आम्हाला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटला. मुलगा म्हणते, पण सव्वीस-सत्तावीसचा होता. मंडळाने एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं आणि मी मसालेभाताच्या पातेल्यापाशी उभी होते. हा तिसऱ्यांदा रांगेत आला तेव्हा मी त्याला विचारलं की आधीच्या दोन प्लेट कुठे गेल्या. तो म्हणाला, "वहिनी, एक आजची होती, एक उद्याची. ही परवाची."

नागपूरचा होता. दोन तासांवरच्या एका विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएचडी करत होता. त्याला मी शनिवारी जेवायला बोलावलं, तो आला, आणि मग दर शनिवारी येत राहिला. चार शनिवारांनंतर त्याने त्याची अडचण सांगितली.

विषय होता पौंड आणि मार्क यांच्यातला रोजचा दर. हाच का, तर त्याच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत इंग्लंडच्या एका व्यापारी वर्तमानपत्राचे सगळे जुने अंक होते आणि ते कोणी कधी मागितलेले नव्हते. त्यातून त्याने दहा वर्षांचे दर फोटोकॉपी केले होते. दिवसाला एक चौकट, अशा जवळजवळ अडीच हजार चौकटी कापून त्याने बुटांच्या चार खोक्यांत तारखेने लावून ठेवल्या होत्या. आता ते आकडे नीट उतरवून युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरमध्ये घालायचे होते. तो एकटा बसला की दीडशेनंतर त्याचे डोळे फिरत, आणि फिरलेल्या डोळ्यांनी उतरवलेले आकडे त्याच्या प्रोफेसरांनी एकदा परत केले होते. मे महिन्यात त्याची विद्यापीठाकडून पगार देणारी असिस्टंटशिप संपत होती. तोपर्यंत पदवी हातात नसेल तर व्हिसाही संपणार आणि हा साडेचार वर्षं घालवून रिकाम्या हाताने नागपूरला परतणार.

"वहिनी, मी तर पार खपून राहिलो ना," तो म्हणाला.

मी त्याला खोके घेऊन यायला सांगितलं. हे माझ्या रोजच्या कामातलंच काम होतं.

सासूबाई तेव्हा नुकत्याच सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला गणित शिकवलं होतं. अर्विंगमध्ये त्यांना बोलायला माणूस नव्हतं, चालायला फुटपाथ नव्हता, आणि टीव्हीवरची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात अशी त्यांची तक्रार होती. त्यांचा स्वतःचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा होता. वाचायचं काम मी त्यांना दिलं. चौकट उचलायची, तारीख वाचायची, मग दर वाचायचा. दर चार दशांश स्थळांपर्यंत असे. मी नियम घालून दिला की आकडे सुटे सुटे वाचायचे, म्हणजे ऐकण्यात घोटाळा नको. मी आणि नवरा टेबलाच्या दोन टोकांना बसून, एकमेकांचं न बघता लिहिणार. दर पन्नास आकड्यांनंतर वह्या ताडायच्या. मुलगा खोक्यातून चौकटी काढून देणार आणि झालेल्या परत लावणार.

पहिल्या शनिवारी सासूबाईंनी चष्मा पुसला, पहिली चौकट हातात घेतली आणि त्याला विचारलं, "हा शेवटचा आकडा कशाचा रे?"

"काही नाही आजी, त्यात काही जीव नाही. एका मार्काचे दहा हजार तुकडे केले ना, त्यातले हे तुकडे. एखादा रस्त्यात पडला तर जर्मन माणूस वाकून उचलणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि वाचायला सुरुवात केली.

काम उत्तम चाललं. तास-दीड तासात चारशे आकडे होत. मग जेवण. वाचता वाचता सासूबाईंचा त्या दोन चलनांशी घरोबा झाला. दहा वर्षांत पौंड सहा मार्कांच्या वरून चारच्या खाली आला होता आणि तो प्रवास त्यांनी एक एक दिवस करून पाहिला. एखाद्या नातेवाइकाचं दुखणं बघावं तसा. मार्क त्यांना आवडत नसे. "फार तोऱ्यात असतो," असं त्यांचं मत होतं. पौंडाची मात्र त्यांना काळजी वाटे. एका शनिवारी पौंड फार घसरलेला असताना आमचं काम थांबलं, तर आठवडाभर त्यांना चैन पडेना. बुधवारी भाजी चिरताना म्हणाल्या, बघू शनिवारी काही सावरतो का.

"आई, हे सगळं होऊन गेलंय," नवरा म्हणाला. "दहा वर्षं झाली."

"तुला काय, तू त्याचा चहासुद्धा अर्धा टाकून आलास."

सहाव्या शनिवारी खोके संपले. वह्या ताडून बघितल्या तर अडीच हजारांत फक्त अकरा फरक निघाले आणि अकराच्या अकरा नवऱ्याचे होते. ऑफिसात असं कधी झालं नव्हतं. मी ते चौदाही जणींना सांगितलं. मुलाने माझी वही नेली, खोके आमच्याकडेच ठेवले, आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले, आणि पुढचे दोन आठवडे जेवायला आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं नागपूरहून काही वाईट कळलं.

"वहिनी, शून्य नाहीच आहे."

मला काही कळेना. त्याने समजावून सांगितलं. दराचा शेवटचा आकडा काय आहे हे त्याने सहज मोजून बघितलं होतं. एक ते नऊ सगळे होते. शून्य एकदाही नव्हतं. दहा वर्षांत एकाही दिवशी पौंड आणि मार्क यांचा दर शून्यावर थांबलेला नव्हता. उलट 'एक' इतर सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा येत होता. खरं तर बाजारातली माणसं गोल आकड्याला भुलतात, त्यामुळे शून्य सगळ्यांत जास्त हवं होतं. हे त्याने प्रोफेसरांना दाखवलं. प्रोफेसर खुर्चीतून उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि दार लावून घेतलं.

प्रोफेसर साठीला आलेले, उंच, टेक्सासचेच. वर्गातही काउबॉय बूट घालून येत. त्यांना आकड्यांपेक्षा आकड्यांमागचं कारण जास्त आवडे आणि बरीच वर्षं त्यांना चांगलं कारण मिळालेलं नव्हतं. आठवड्याभरात त्यांनी ते तयार केलं. माणूस शून्याला भितो. शून्य म्हणजे शेवट, रिकामं घर. दलाल नकळत शून्य ओलांडून एक पाऊल पुढे जातो. इंग्रज आणि जर्मन यांचं या शतकात दुसऱ्या कशावरही एकमत झालेलं नसताना या भीतीवर मात्र झालं होतं, याचा प्रोफेसरांना विशेष आनंद होता. त्यांनी मुलाला नवीन प्रकरण लिहायला सांगितलं. शिकागोच्या एका परिषदेत ते स्वतः बोलणार आणि मुलाला बरोबर नेणार. त्यांनी ओळखीच्या अकरा जणांना पत्रं लिहिली. त्यांतल्या एकाने उत्तर पाठवलं की पदवी झाली की या तरुणाला आमच्याकडे पाठवा, नोकरी देतो.

आकडे पक्के आहेत ना, एवढं मात्र त्यांनी विचारलं होतं. मुलाने आमची पद्धत सांगितली: दोघांनी वेगवेगळं लिहिलं, ताडून पाहिलं, अडीच हजारांत अकरा फरक. प्रोफेसर म्हणाले की अशी काळजी त्यांनी आयुष्यात पाहिली नाही आणि त्यांना या लोकांना भेटायचंय.

मी त्यांना शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, आमटी, भात. श्रीखंड आम्ही तेव्हा घट्ट दही आणि सावर क्रीम मिसळून करत असू, आणि सासूबाई त्याला श्रीखंड म्हणायला तयार नसत. प्रोफेसरांनी सात पुऱ्या खाल्ल्या. जेवताना ते शून्याबद्दल बोलत होते आणि मी थोडं थोडं मराठीत सासूबाईंना सांगत होते. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या आणि मान डोलवत होत्या. प्रोफेसरांना ते आवडलं. त्यांनी काटा खाली ठेवला आणि मला म्हणाले, या मॅडमनी दहा वर्षांचे सगळे दर स्वतःच्या तोंडाने वाचले आहेत. वाचताना त्यांना शून्याबद्दल काही जाणवलं का, ते विचारा.

मी विचारलं.

"जाणवायचं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "शेवटी शून्य आलं की मी एक म्हणायचे."

मुलाच्या हातातली पुरी तोंडाजवळ थांबली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई, परत सांगा."

"अगं, देण्याघेण्याचा आकडा शून्यावर कोण सोडतं? पन्नासाचा आहेर करतो का आपण? एक्कावन्न करतो. इतक्या पौंडाला इतके मार्क द्यायचे म्हणजे देणंच झालं ना ते? आणि या पोराचं पहिलं मोठं काम. त्यात मी आपल्या तोंडाने शेवटी शून्य कसं घालू? पुढे वाढायला नको का त्याचं? आणि मी विचारलं होतं त्याला. तोच म्हणाला, त्या आकड्यात काही जीव नाही."

"म्हणजे प्रत्येक वेळी?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे काय, एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, असं करते का मी?"

प्रोफेसर हसऱ्या चेहऱ्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मॅडम काय म्हणाल्या, त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलणारी बाई नाही. ऑफिसात चूक झाली तर त्याच दिवशी सांगायची, असा माझा नियम होता. पण समोर मुलाचा चेहरा होता. मी म्हटलं, त्या म्हणतात, तुम्ही श्रीखंड अजून घ्या.

त्यांनी घेतलं.

ते गेल्यावर मी टेबल आवरलं. आवरता आवरता चूक कुठे झाली ते माझ्या लक्षात आलं, आणि ती सासूबाईंची नव्हती. मी लिहिणारे दोन ठेवले होते आणि वाचणारा एकच. वाचणाऱ्याने जे म्हटलं ते आम्ही दोघांनी अगदी बिनचूक लिहिलं. पन्नास पानांवरचा, शेवटी एकही शून्य नसलेला रकाना माझ्या डोळ्यांखालून सहा शनिवार गेला आणि मी अकरा फरकांचं कौतुक करत बसले.

मुलगा सोफ्यावर बसून होता. तो म्हणाला, "वहिनी, राहू देऊ का असंच?"

मी म्हटलं, कोणीतरी ते वर्तमानपत्र उघडून बघेलच.

"कोण उघडणार? साडेचार वर्षांत तिथे मी एकटाच गेलो. लायब्ररीवाली बाई तर मला विचारते, तुम्ही इंग्लंडचे का." त्याने सोफ्यावरची उशी मांडीवर घेतली. "खरं सांगायचं तर आकडे नीट केले ना, तर काहीच उरत नाही. जुनं प्रकरण आहे, पण त्यात काही निघालं नव्हतं. हे निघालं म्हणून तर सर माझ्याशी बोलून राहिले. आधी मला ते दुसऱ्याच मुलाच्या नावाने हाक मारायचे."

सासूबाई आतून आल्या. आमचं काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी त्याच्या समोर खुर्ची ओढली.

"माझ्यामुळे तुझं गणित चुकलं का रे?"

"नाही आजी," तो म्हणाला. "चुकलं नाही. फार बरोबर आलं. तोच घोळ आहे."

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. प्रोफेसरांचं शून्य, शिकागो, अकरा पत्रं, नोकरी. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. मध्ये एकदाच विचारलं, की तो इतका मोठा माणूस माझ्या त्या एकांवर व्याख्यान द्यायला विमानाने जाणार आहे का. मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला.

"चौथीच्या पोराने उत्तर आधी लिहून मग गणित केलं तर मी त्याला उभा करायची," त्या त्याला म्हणाल्या. "काढ ते खोके."

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सगळे आकडे परत तपासायची गरज नव्हती. ज्यांच्या शेवटी एक आहे तेवढेच बघायचे होते. मी नवऱ्याच्या वहीतून त्यांच्या तारखांची यादी काढली. सातशेच्या जवळपास निघाले. या वेळी वाचणारे दोन. सासूबाई वाचतील आणि तीच चौकट मी डोळ्यांनी बघेन, नवरा लिहील आणि मुलगा त्याच्यावर लक्ष ठेवेल.

पण पहिलंच शून्य आलं आणि सासूबाई अडल्या. चाळीस वर्षं त्यांनी फळ्यावर शून्यं काढली होती, तरी याच्या कामात ते शेवटी म्हणायला जीभ वळत नव्हती. मी म्हटलं, मी वाचते. त्यांना तेही पटेना, कारण चूक त्यांची होती आणि ती दुसऱ्याने निस्तरावी हे त्यांना बसत नव्हतं. शेवटी त्यांनीच तोड काढली. त्यांच्या लहानपणी शाळेत शून्याला पूज्य म्हणत. पूज्य म्हणायला हरकत नाही, त्यात मान आहे. तेव्हापासून दोन शनिवार आमच्या घरात पाच पूज्य, सात पूज्य, पूज्य पूज्य असं चाललं होतं. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या बाईंनी मला पार्किंगमध्ये विचारलं की तुमच्याकडे प्रार्थनेचा कार्यक्रम असतो का. मी हो म्हटलं. पौंडाचा इतिहास सांगायला वेळ नव्हता.

सातशेंपैकी साडेचारशेच्या वर शून्यं निघाली. मुलाने ती कॉम्प्युटरमध्ये दुरुस्त केली आणि फोन करून सांगितलं की आता सगळं ठीक आहे. शून्यच सगळ्यांत जास्त आहे, पुस्तकात असतं तसंच. यापेक्षा दुःखी आवाजात सगळं ठीक असल्याचं मला कोणी सांगितलेलं नाही.

प्रोफेसरांना सांगायचं राहिलं होतं. मुलगा म्हणाला, वहिनी, तुम्ही चला. मी सोमवारी रजा टाकली आणि दोन तास गाडी चालवत गेले. सोबत कागदावर मुद्दे लिहून नेले होते: काय झालं, कसं झालं, कशामुळे पकडलं गेलं नाही, काय दुरुस्त केलं. प्रोफेसरांनी मला मध्ये अडवलं नाही. सगळं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. पन्नासाचे एक्कावन्न, हे तुमच्याकडे सगळे करतात?

सगळे करतात, मी म्हटलं.

शिकलेले लोकही?

ते जास्त करतात. त्यांच्याकडे लग्नांची बोलावणी जास्त असतात.

त्यांनी विचारलं, जर्मनीत अशी काही पद्धत असेल का? म्हणजे मॅडमनी वाढवण्याआधी जर्मनांनी स्वतःच कधी... मुलगा खाली मान घालून बसला होता. मी म्हटलं, सर, वर्तमानपत्रात शून्य छापलेलं आहे. ते म्हणाले, हो, ते आहेच. त्यांनी तीन दिवस मागितले. कशासाठी ते सांगितलं नाही. आम्ही उठलो तेव्हा ते समोरच्या कागदावर शेवटच्या आकड्यांचा तो जुना आलेख परत काढत होते, शून्याची जागा रिकामी ठेवून.

तीन दिवसांनी त्यांनी मुलाला बोलावलं. शिकागो कॅन्सल केलं होतं. अकरा जणांना दुसरं पत्र गेलं होतं. त्यात काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण नोकरी देणाऱ्या माणसाचं पुन्हा उत्तर आलं नाही. मुलाला त्यांनी सांगितलं की नवीन प्रकरण काढ, जुनं घाल, मे महिन्याच्या आत संपव. तोंडी परीक्षेला आम्ही चौघं प्रोफेसर असू आणि मी तुझ्या बाजूने बोलेनच असं धरून चालू नकोस.

त्याने रात्रंदिवस काम केलं. शनिवारी आला तरी जेवून लगेच निघायचा. त्याचं वजन उतरलं. सासूबाई त्याच्यासाठी डबा भरून द्यायच्या आणि पौंडाची चौकशी करायच्या नाहीत.

परीक्षा मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी होती. सासूबाईंनी परतीचं तिकीट दोन आठवडे पुढे ढकलायला लावलं होतं. मी येणार, असं त्यांनी जाहीर केलं. नवरा कामावर गेला आणि आम्ही दोघी गाडीने निघालो. इमारतीत एका बंद दारासमोर बाक होता, त्यावर बसलो. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. सासूबाईंनी दोनदा विचारलं की इतका वेळ का लागतोय. तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

तासाभराने दार उघडलं आणि आधी तीन अनोळखी माणसं बाहेर पडली. ती जेवायला कुठे जायचं यावर बोलत होती. मग प्रोफेसर आले. आम्हाला बघून थांबले, सासूबाईंशी हात मिळवला आणि मला म्हणाले, आत एकाने विचारलं की या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा. तुमच्या मुलाने घडलेलं सगळं सांगितलं, आहेरासकट. मी त्याला लपवायला सांगितलं नव्हतं, पण सांगायलाही सांगितलं नव्हतं. त्यानंतर कोणी आकड्यांबद्दल विचारलं नाही. मी सही केली. आमच्यापैकी कोणीही त्या प्रबंधावर काही आक्षेप घेऊ शकला नाही. त्यात आक्षेप घेण्यासारखं काही उरलेलंच नाही.

एवढं बोलून ते बूट वाजवत निघून गेले.

"पास झाला का?" सासूबाईंनी विचारलं.

"झाला."

तेवढ्यात तो बाहेर आला. टाय सैल केलेला, हातात कागदांचा गठ्ठा. सासूबाईंच्या पाया पडला. मी अभिनंदन केलं. तो थँक्यू वहिनी म्हणाला, पण चेहरा असा होता की एखाद्याच्या घरी दुखवट्याला जाऊन आलाय.

गाडीत तो मागे बसला, सासूबाई माझ्या शेजारी. आम्ही हायवेला लागलो. सासूबाईंनी अर्धा तास वाट बघितली. मग मान न वळवता, वर्गात विचारावं तसं विचारलं, "आता सांग, काय लिहिलंस त्यात?"

"काही नाही आजी. एवढंच, की आजचा दर बघून उद्याचा सांगता येत नाही."

"कालचा बघून?"

"तरी नाही."

"दहा वर्षांचे बघून?"

"नाही आजी. कितीही बघितले तरी नाही."

"आणि हे लिहायला तुला चार वर्षं लागली."

"साडेचार."

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"मग खरं असणार," त्या म्हणाल्या. "खोटं तर आपण सहा शनिवारांत केलं होतं."

थोड्या वेळाने मी आरशात बघितलं. त्याने बूट काढले होते, गठ्ठा उशाला घेतला होता आणि पाय दुमडून तो झोपला होता. अर्विंग येईपर्यंत उठला नाही. सासूबाईंनी मला रेडिओ लावू दिला नाही.